आकृतीवर आधी नावं लिहा, समीकरण मग मांडा

"एका आयताची लांबी रुंदीच्या दुप्पटीपेक्षा ३ सेमीने कमी आहे. आयताची परिमिती ४२ सेमी असेल, तर लांबी व रुंदी काढा."

असं उदाहरण समोर आलं की पेन्सिल नेमकी कुठे थांबते, ते शिकवताना मला सारखं दिसतं. आकृतीतल्या बाजू काढायची शाब्दिक उदाहरणं अडतात ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. परिमितीचं सूत्र पाठ असतं. ३क्ष = २४ दिलं तर क्ष = ८ हेही चटकन येतं. अडतं ते मधल्या टप्प्यावर, म्हणजे वाक्य वाचून समीकरण लिहिण्यावर. "समजा रुंदी क्ष मानू" एवढं लिहून झालं की पुढे काय, हे कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून मी इथे सगळा भर त्या टप्प्यावर देणार आहे. समीकरण सोडवणं तुम्हाला येतंय असं धरून तो भाग भराभर उरकते.

नात्याचं वाक्य आणि मापाचं वाक्य

उदाहरण दोनदा वाचा. पहिल्यांदा वाचताना काहीही लिहू नका, फक्त कोणती आकृती आहे आणि काय विचारलंय एवढंच बघा. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घ्या आणि वाक्यांची वाटणी करा.

काही वाक्यं बाजूंचं एकमेकींशी नातं सांगतात: ही तिच्या दुप्पट, ही तिच्यापेक्षा ५ ने मोठी. त्यांच्याखाली सरळ रेघ मारा. काही वाक्यं सगळ्या आकृतीचं माप सांगतात: परिमिती इतकी, क्षेत्रफळ इतकं, कर्ण इतका. त्यांच्याखाली नागमोडी रेघ मारा. सरळ रेघेच्या वाक्यांतून बाजूंना नावं मिळतात आणि नागमोडी रेघेच्या वाक्यातून समीकरण मिळतं. प्रत्येक वाक्य एकदाच वापरायचं. लांबी २क्ष − ३ आहे हे नातं नाव द्यायला वापरलं आणि पुन्हा तेच समीकरण म्हणून मांडलं, तर शेवटी ० = ० हाती लागतं. तसं झालं की समजायचं, नागमोडी रेघेचं वाक्य अजून वापरायचं राहिलंय.

आता क्ष कोणाला म्हणायचं? ज्याच्याशी तुलना केली आहे त्याला. "लांबी रुंदीच्या दुप्पटीपेक्षा ३ ने कमी" या वाक्यात तुलना रुंदीशी आहे, म्हणून रुंदी क्ष. लांबीला क्ष म्हटलं तरी चूक नाही, पण मग रुंदी (क्ष + ३)/२ होते आणि अपूर्णांक शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही.

नाव देताना वाक्य जसं येतं तसं, एकेक शब्द घेत पुढे चला. रुंदी: क्ष. रुंदीच्या दुप्पट: २क्ष. दुप्पटीपेक्षा ३ ने कमी: २क्ष − ३. मराठी वाक्य इथे आपल्याला बरोबर क्रमाने नेतं, फक्त घाई करायची नाही. घाईत २(क्ष − ३) लिहिलं जातं. त्याचा अर्थ "रुंदीतून ३ वजा करून आलेल्याची दुप्पट", आणि ते वेगळंच माप आहे. रुंदी १० धरून बघा: पहिल्यात लांबी १७ येते, दुसऱ्यात १४.

आता आकृती काढा. सुबक नको, हाताने काढलेला आयत पुरे. आडव्या दोन्ही बाजूंवर २क्ष − ३ लिहा, उभ्या दोन्हींवर क्ष लिहा. चारही बाजूंवर लिहा, हे मी आग्रहाने सांगते. दोनच बाजूंवर नावं लिहिली की परिमिती काढताना दोनच बाजू मिळवल्या जातात, आणि ही चूक इतर कुठल्याही चुकीपेक्षा जास्त वेळा होते. चारही बाजूंवर नावं असली की सूत्र आठवायचीही गरज नाही. आकृतीभोवती बोट फिरवत मिळवत जायचं:

(२क्ष − ३) + क्ष + (२क्ष − ३) + क्ष = ४२
६क्ष − ६ = ४२
क्ष = ८

रुंदी ८ सेमी, लांबी १३ सेमी.

या समीकरणात काय घडलं ते बघा. डाव्या बाजूला परिमिती आहे, उजव्या बाजूलाही परिमितीच आहे. एकदा ती आकृतीवरून वाचली, एकदा उदाहरणातून वाचली. आकृतीच्या मापांची सगळी समीकरणं अशीच तयार होतात: एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगायची आणि मधे बरोबरचं चिन्ह ठेवायचं. म्हणून समीकरण लिहिण्याआधी स्वतःला विचारा, "मी कोणती एक गोष्ट दोनदा सांगणार आहे?" उत्तर "परिमिती", "क्षेत्रफळ", "कर्णाचा वर्ग" असं काहीतरी स्पष्ट आलं पाहिजे.

अडलात तर एखादी संख्या धरा

क्ष बघूनच काही जणांचं डोकं चालेनासं होतं. त्यांच्यासाठी एक उपाय आहे आणि तो मला स्वतःला फार आवडतो. उत्तर म्हणून कोणतीही संख्या धरा, समजा रुंदी १०. आता ती बरोबर आहे का ते तपासायला लागा, पण बेरीज-गुणाकार पुरे करू नका, १० हा आकडा डोळ्यांसमोर तसाच ठेवा.

रुंदी १०. लांबी २ × १० − ३. परिमिती २ × (१० + २ × १० − ३). ही ४२ आहे का? हिशेब केला तर ५४ येते, म्हणजे नाही. पण तपासण्यासाठी आपण जे लिहिलं त्यात जिथे जिथे १० आहे तिथे क्ष घाला:

२ × (क्ष + २ × क्ष − ३) = ४२

हेच समीकरण. चुकीच्या उत्तराचा ताळा कसा घ्यायचा हे ज्याला कळलं, त्याला समीकरण मांडता आलंच. मात्र धरलेली संख्या उदाहरणात आधीपासून असलेली नको, नाहीतर कुठला आकडा क्ष करायचा आणि कुठला ठेवायचा याचा घोळ होतो. वरच्या उदाहरणात ३ किंवा २ धरू नका.

बेरीज आणि क्षेत्रफळ दोन्ही दिलेलं असेल तेव्हा

"आयताची परिमिती ४० सेमी, क्षेत्रफळ ९१ चौसेमी. बाजू काढा." इथे नात्याचं वाक्य दिसतच नाही, दोन्ही वाक्यं मापाचीच आहेत. मग एका मापाकडून नात्याचं काम करून घ्यायचं. परिमिती ४० म्हणजे लांबी आणि रुंदी मिळून २०. एक बाजू क्ष, तर दुसरी २० − क्ष. हे "२० − क्ष" सुचायला सुरुवातीला जड जातं. कोणत्याही दोन गोष्टींची बेरीज माहीत असली की दुसरी म्हणजे बेरीज वजा पहिली, एवढंच त्यात आहे. समीकरण क्ष(२० − क्ष) = ९१, म्हणजे क्ष² − २०क्ष + ९१ = ०, म्हणजे (क्ष − ७)(क्ष − १३) = ०.

इथे ७ आणि १३ ही दोन्ही मुळं चालतात आणि ती दोन वेगळी उत्तरं नाहीत. क्ष ही बाजू ७ धरली तर दुसरी १३, क्ष १३ धरली तर दुसरी ७. आयत एकच.

पण याहून सुंदर वाट आहे, आणि ती सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर लांबी-रुंदीची बेरीज आणि क्षेत्रफळ देऊन बाजू विचारणारी उदाहरणं कोरलेली सापडली आहेत. त्यांची रीत अशी: बेरीज २०, तिची निमपट १०. दोन्ही बाजू १० असत्या तर चौरस झाला असता. त्या नाहीत, म्हणजे एक बाजू १० पेक्षा जितकी जास्त, तितकीच दुसरी कमी. बाजू १० + ड आणि १० − ड.

(१० + ड)(१० − ड) = ९१
१०० − ड² = ९१
ड = ३

बाजू १३ आणि ७. अवयव पाडायचे नाहीत, वर्गसमीकरणाचं सूत्र नाही. वर यातून एक गोष्ट आपोआप कळते: परिमिती ४० असलेल्या आयताचं क्षेत्रफळ १०० च्या वर जाऊच शकत नाही, कारण १०० मधून ड² वजाच होतो. उदाहरणात क्षेत्रफळ १०५ दिलं असतं तर असा आयत नाही हे सोडवण्याआधीच सांगता आलं असतं.

बेरजेऐवजी फरक दिला तर? "लांबी रुंदीपेक्षा १० ने जास्त, क्षेत्रफळ ३९." रुंदी क्ष धरली तर क्ष² + १०क्ष = ३९. हे समीकरण गणिताच्या इतिहासातलं मोठं मानाचं आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने नेमकं हेच घेऊन वर्ग कसा पूर्ण करायचा ते चौरस काढून दाखवलं. तुम्हीही काढून बघा. क्ष बाजूचा चौरस. त्याला उजवीकडे ५ रुंदीची पट्टी, खाली ५ रुंदीची पट्टी. १०क्ष चे दोन सारखे भाग केले, म्हणून प्रत्येक पट्टी ५क्ष. या तिन्हींचं मिळून क्षेत्रफळ ३९. आकृती जवळजवळ चौरस दिसते, फक्त एका कोपऱ्यात ५ × ५ ची जागा मोकळी आहे. ती भरली की पूर्ण चौरस ३९ + २५ = ६४ चा, त्याची बाजू ८, आणि क्ष = ८ − ५ = ३. आयत ३ आणि १३ चा. वर्ग पूर्ण करण्याची रीत पुस्तकात नुसत्या चिन्हांत शिकलेल्यांनी ही आकृती एकदा तरी हाताने काढावी. "मधल्या सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग मिळवा" हे वाक्य त्यानंतर पाठ करावं लागत नाही.

बाजू वाढवली, कमी केली

"चौरसाची प्रत्येक बाजू ३ सेमीने वाढवली तर क्षेत्रफळ ५१ चौसेमीने वाढतं. मूळ बाजू किती?"

अशा उदाहरणांत दोन आकृत्या असतात, जुनी आणि नवी. दोन्ही काढा, शक्यतो एकावर एक. जुना चौरस क्ष चा, त्याच्याभोवती दोन बाजूंनी ३ रुंदीची भर. ही भर म्हणजे ३क्ष च्या दोन पट्ट्या आणि कोपऱ्यातला ९ चा तुकडा. म्हणून ६क्ष + ९ = ५१, क्ष = ७. (क्ष + ३)² − क्ष² = ५१ असं मांडूनही हेच येतं. पण कोपऱ्यातला तुकडा डोळ्यांनी पाहिलेला मूल (क्ष + ३)² चा विस्तार क्ष² + ९ असा लिहीत नाही.

दोन्ही बाजू अज्ञात असल्या तर दोन चल घ्या. मी लांबीला ल आणि रुंदीला र लिहिते, म्हणजे कोण कोण ते विसरायला होत नाही. "लांबी ४ ने कमी केली आणि रुंदी ३ ने वाढवली तर क्षेत्रफळ ६ ने कमी होतं. लांबी २ ने आणि रुंदी १ ने वाढवली तर क्षेत्रफळ ३४ ने वाढतं."

(ल − ४)(र + ३) = ल × र − ६
(ल + २)(र + १) = ल × र + ३४

ही समीकरणं पाहून काही जण घाबरतात, कारण ल × र हा गुणाकार रेषीय समीकरणात बसत नाही. कंस सोडवून तर बघा. ल × र दोन्हीकडे आहे, तो निघून जातो. उरतं ते ३ल − ४र = ६ आणि ल + २र = ३२. दुसऱ्याची दुप्पट करून मिळवा: ५ल = ७०, ल = १४, र = ९.

इथे एका शब्दावर थांबायलाच हवं. "क्षेत्रफळ ६ ने कमी होतं" आणि "क्षेत्रफळ ६ होतं" यांत फक्त "ने कमी" एवढाच फरक आहे आणि त्यावर अख्खं उदाहरण अवलंबून आहे. "३४ ने वाढतं" म्हणजे जुन्यात ३४ मिळवायचे, "३४ पर्यंत वाढतं" म्हणजे नवं क्षेत्रफळच ३४. "ने", "पर्यंत", "पट" या शब्दांभोवती वाचतानाच गोल करा.

भोवतालची पट्टी: बाहेरून की आतून

चित्राभोवती चौकट, बागेभोवती वाट, पानाभोवती समास. ही सगळी एकाच जातीची उदाहरणं आहेत.

"२४ सेमी × १८ सेमी मापाच्या चित्राभोवती सगळीकडे सारख्या रुंदीची चौकट आहे. चौकटीसह एकूण क्षेत्रफळ ७२० चौसेमी. चौकटीची रुंदी किती?"

पट्टीची रुंदी क्ष. बाहेरची लांबी २४ + क्ष नाही, २४ + २क्ष आहे, कारण पट्टी डावीकडेही आहे आणि उजवीकडेही. आकृती काढून आडवी एक रेघ मारा आणि तिच्यावर डावीकडून उजवीकडे वाचत जा: क्ष, २४, क्ष. मग चूक होणारच नाही.

(२४ + २क्ष)(१८ + २क्ष) = ७२०
क्ष² + २१क्ष − ७२ = ०
(क्ष + २४)(क्ष − ३) = ०

रुंदी −२४ असू शकत नाही, म्हणून ३ सेमी. उदाहरणात एकूण क्षेत्रफळाऐवजी नुसत्या चौकटीचं दिलं असतं तर ते २८८ असतं, आणि तेव्हा मूळ चित्राचे ४३२ आधी मिळवून मग समीकरण मांडायचं.

आता आतली वाट. "३० मी × २० मी मैदानाच्या आत, कडेने सारख्या रुंदीची वाट आहे. मधल्या मोकळ्या भागाचं क्षेत्रफळ ३३६ चौमी. वाटेची रुंदी काढा."

(३० − २क्ष)(२० − २क्ष) = ३३६
क्ष² − २५क्ष + ६६ = ०
(क्ष − ३)(क्ष − २२) = ०

इथे दोन्ही मुळं धन आहेत! "ऋण मूळ सोडून द्या" एवढाच नियम लक्षात ठेवलेला असेल तर इथे तो उपयोगाचा नाही. २२ समीकरणात घालून बघा: ३० − ४४ = −१४, २० − ४४ = −२४, आणि (−१४) × (−२४) = ३३६. समीकरण अगदी तंतोतंत जुळतं. पण २० मीटर रुंद मैदानात दोन्ही कडांनी २२ मीटरची वाट कशी बसणार? दोन ऋण बाजूंचा गुणाकार धन झाला म्हणून बीजगणिताने ते उत्तर मान्य केलं, आकृतीने मान्य केलं नाही.

माझ्या मते या जातीच्या उदाहरणांतली सगळ्यात महत्त्वाची सवय हीच. मूळ मिळालं की ते समीकरणात घालून तपासू नका, आकृतीवर घाला. आकृतीवरच्या प्रत्येक नावात ते भरा आणि प्रत्येक बाजू धन येते का ते बघा. समीकरण मांडतानाच चूक झाली असेल तर समीकरणात घालून ती कधीच सापडणार नाही, कारण चुकीच्या समीकरणाचं उत्तर त्या चुकीच्या समीकरणात बरोबरच बसतं. ताळा मूळ वाक्यांशी घ्यायचा: मैदान ३० × २०, दोन्हीकडून ३-३ गेले, उरले २४ × १४, गुणाकार ३३६. जुळलं.

त्रिकोण

त्रिकोणात आणखी एक अट न सांगता आलेली असते: कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी हवी.

"समद्विभुज त्रिकोणाची परिमिती ४० सेमी आहे. त्याची एक बाजू दुसऱ्या एका बाजूच्या दुप्पट आहे. बाजू काढा." कोणती बाजू कोणाच्या दुप्पट ते सांगितलेलं नाही, म्हणून दोन्ही शक्यता बघायच्या. पाया क्ष आणि समान बाजू २क्ष धरल्या तर ५क्ष = ४०, बाजू ८, १६, १६. उलट, समान बाजू क्ष आणि पाया २क्ष धरला तर ४क्ष = ४०, बाजू १०, १०, २०. हा त्रिकोण होत नाही. १० आणि १० मिळून २० च, दोन्ही बाजू पायावर आडव्या पडतात. उत्तर एकच, पहिलं.

काटकोन त्रिकोणात पायथागोरसचं प्रमेय हेच मापाचं वाक्य. "एक भुजा दुसरीपेक्षा ७ ने मोठी, कर्ण १३": क्ष² + (क्ष + ७)² = १६९, यातून क्ष² + ७क्ष − ६० = ०, क्ष = ५, भुजा ५ आणि १२. यात विशेष काही नाही.

विशेष आहे ते भास्कराचार्यांचं वेळूचं उदाहरण, ११५० सालच्या लीलावतीतलं. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. वेळू किती उंचीवर मोडला? यात "त्रिकोण" हा शब्द नाही, "कर्ण" नाही. आकृती काढली की दोन्ही दिसतात. उभा राहिलेला भाग क्ष. मोडलेला भाग ३२ − क्ष, कारण मोडला तरी वेळूची एकूण लांबी तीच. जमिनीवरचं अंतर १६.

क्ष² + १६² = (३२ − क्ष)²
क्ष² + २५६ = १०२४ − ६४क्ष + क्ष²
६४क्ष = ७६८
क्ष = १२

दोन्हीकडचे वर्ग निघून गेले आणि साधं रेषीय समीकरण उरलं. वाक्यांशी ताळा: उभा भाग १२, तिरका २०, मिळून ३२. १४४ + २५६ = ४००, आणि ते २० चा वर्ग.

काय बदललं नाही ते शोधा

वेळूच्या उदाहरणातला "एकूण लांबी तीच" हा विचार फार ठिकाणी कामी येतो. तार वाकवून दुसरी आकृती केली तर परिमिती तीच राहते. कागद कापून तुकडे वेगळ्या तऱ्हेने जोडले तर क्षेत्रफळ तेच राहतं. धातू वितळवून दुसरी वस्तू ओतली तर घनफळ तेच राहतं. जे तेच राहिलं, ती तुमची दोनदा सांगायची गोष्ट.

७ सेमी त्रिज्येचं तारेचं वर्तुळ सरळ करून चौरस केला, तर परीघ ४४ (π = २२/७ धरून), म्हणून चौरसाची बाजू ११. क्षेत्रफळ मात्र १५४ वरून १२१ वर आलं. तार तीच म्हणून क्षेत्रफळही तेच असं धरून समीकरण मांडाल तर फसाल. ६ सेमी बाजूचा धातूचा घन वितळवून ८ सेमी उंचीची इष्टिकाचिती केली आणि तिची लांबी रुंदीच्या तिप्पट आहे, तर ३क्ष × क्ष × ८ = २१६, क्ष² = ९, रुंदी ३ आणि लांबी ९.

एककांबद्दल एवढंच: सगळी मापं आकृतीवर लिहितानाच एका एककात आणा. मैदान मीटरमध्ये आणि वाट सेंटिमीटरमध्ये दिली असेल तर वाट आधी मीटरमध्ये करा. क्षेत्रफळ झाल्यावर बदलायला गेलात तर १ चौमी म्हणजे १०० चौसेमी असं लिहिलं जातं, आणि ते १०,००० असतं.

आणि क्ष मिळाला म्हणजे उत्तर मिळालं असं नाही. प्रश्नात लांबी विचारली असेल आणि क्ष ही रुंदी असेल तर अजून एक ओळ बाकी आहे. पहिल्या वाचनात "काढा" या शब्दाआधी काय आलंय त्यावर खूण करून ठेवली असेल, तर आता तिथेच परत जायचं.

हातासाठी तीन उदाहरणं देते.

चौरसाची एक बाजू ४ ने वाढवली आणि लगतची ४ ने कमी केली, तेव्हा झालेल्या आयताचं क्षेत्रफळ ६५ आलं. चौरसाची बाजू काढा. (क्ष + ४)(क्ष − ४) पाहिल्यावर मेसोपोटेमियाची रीत आठवेल. उत्तर ९.

समलंब चौकोनाच्या समांतर बाजूंमधला फरक ६, उंची लहान समांतर बाजूएवढी, क्षेत्रफळ ८८. सूत्रात घातलं की क्ष(क्ष + ३) = ८८ उरतं. समांतर बाजू ८ आणि १४, उंची ८.

चौरस पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून ५ सेमीचे चौरस कापून, कडा वर दुमडून उघडी पेटी केली, तिचं घनफळ ७२० घसेमी. पत्र्याची बाजू क्ष धरा आणि तळाच्या बाजूला नाव देण्याआधी आडव्या रेघेवर ५, तळ, ५ असं वाचून घ्या. ५(क्ष − १०)² = ७२०, म्हणून क्ष − १० हे १२ किंवा −१२. क्ष २२ येतो किंवा −२ येतो, आणि पत्र्याची बाजू २२ सेमी.